डेथ व्हॅली आणि पॅनामिंटची रांग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधून मला डेथ व्हॅलीबद्दल प्रश्न यायला लागतात. बेत बहुधा ठरलेला असतो: बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानावर फोटो, संध्याकाळी वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या दिवशी लास वेगास. बेत चांगलाच आहे. फक्त त्या फोटोत मागे जो बर्फाचा डोंगर येतो, त्याचं नाव क्वचितच कुणी विचारतं. मला वाटतं, दरी समजून घ्यायची तर सुरुवात त्या डोंगरापासून करावी. म्हणून खालच्या उत्तरांत डोंगर पुन्हा पुन्हा येईल.

१. डेथ व्हॅली नेमकी कुठे आहे? आणि पॅनामिंट रांग तिच्या कोणत्या बाजूला?

पूर्व कॅलिफोर्नियात, नेवाडाच्या सीमेला लागून. दरी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. लांबी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र जेमतेम ८ ते २४ किलोमीटर. पश्चिमेची भिंत म्हणजे पॅनामिंट रांग. तिचं सर्वांत उंच शिखर टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर. पूर्वेला अमार्गोसा रांग आहे. तिच्या बॅडवॉटरजवळच्या भागाला ब्लॅक माउंटन्स म्हणतात. बॅडवॉटरला रस्त्याकडे पाठ करून मिठाकडे तोंड केलंत की समोर पॅनामिंट दिसते. पाठीशी जवळजवळ डोक्यावर आलेला काळपट कडा म्हणजे ब्लॅक माउंटन्स.

२. मराठीत हिला ‘दरी’ म्हणायचं की ‘खोरं’?

दरी. खोरं म्हटलं की नदी डोळ्यांसमोर येते: कृष्णेचं खोरं, गोदावरीचं खोरं. नदी जमीन कोरत जाते आणि तिचं पाणी पुढे समुद्राला मिळतं. डेथ व्हॅली कुठल्याही नदीने कोरलेली नाही. जमीन खचून ती तयार झाली, म्हणून शाळेच्या भूगोलातला ‘खचदरी’ हा शब्द तिला चपखल बसतो. दक्षिणेकडून अमार्गोसा नावाची नदी येते खरी. पण वर्षाचा बहुतेक काळ तिचं पात्र कोरडं असतं, आणि पाणी आलंच तर ते बॅडवॉटरच्या मिठात संपतं. इथून पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही.

३. डोंगर इतका उंच आणि दरी इतकी खोल, हे झालं कसं?

दोन्ही एकाच हालचालीने झालं.

पश्चिम अमेरिकेचा हा भाग लाखो वर्षं पूर्व-पश्चिम ताणला जातो आहे. ताणामुळे भूकवचाला भेगा पडल्या, म्हणजे प्रस्तरभंग झाले, आणि कवचाचे लांबट ठोकळे सुटे झाले. काही ठोकळे वर राहिले, ते गट पर्वत. काही खाली गेले, त्या दऱ्या. नेवाडाचा नकाशा पाहिलात तर अशा डोंगर-दरी-डोंगर-दरीच्या समांतर ओळी दिसतील.

डेथ व्हॅलीत आणखी एक गोष्ट घडली. तिच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना असे दोन प्रस्तरभंग आहेत, ज्यांच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. हे दोन्ही एका रेषेत नाहीत. त्यामुळे त्यांच्या मधला तुकडा दोन्हीकडून ओढला गेला आणि खाली बसला. आज दिसते ती दरी अशी गेल्या तीस-चाळीस लाख वर्षांत उघडत गेली, आणि भूगर्भाच्या हिशेबात हा कालचा दिवस आहे. दक्षिण भागात ज्वालामुखीच्या राखेची एक छोटी टेकडी आहे. तिच्या मधोमध प्रस्तरभंग गेला आहे आणि तिचे दोन अर्धे आता एकमेकांसमोर येत नाहीत. पुस्तकातली आकृती जमिनीवर काढून ठेवावी तसं ते दिसतं.

हे थांबलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये इथून नैर्ऋत्येला रिजक्रेस्ट गावाजवळ ६.४ आणि दुसऱ्या दिवशी ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तो याच ताणाच्या प्रदेशातला.

४. एवढ्या वर्षांत डोंगरावरचा गाळ येऊन दरी भरून कशी गेली नाही?

भरते आहे, पण खचतेही आहे. मिठाखाली काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड गाळ आहे. त्याच्याही खाली जो खडक आहे, तो दरीचा खरा तळ.

खचणं सगळीकडे सारखं नाही. पॅनामिंट आणि दरीचा तळ मिळून एक मोठा ठोकळा आहे आणि तो पूर्वेकडे कलतो आहे. पश्चिम कड, म्हणजे पॅनामिंट, वर उचलली जाते. पूर्व कड ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी खाली जाते. हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. पॅनामिंटच्या प्रत्येक घळीच्या तोंडाशी गाळाचं भलंमोठं पंखाकृती मैदान आहे, काही सात-आठ किलोमीटर लांब आणि शेजारच्या पंख्याला जाऊन भिडलेलं. समोर ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी मात्र असे पंखे अगदी लहान, हाताच्या पंख्यासारखे सुटे सुटे. तिथला गाळ पसरायच्या आत खाली जातो आणि मिठाखाली गाडला जातो.

मला सर्वांत आवडणारा पुरावा मात्र पाण्याचा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे एक उथळ तळं होतं. तळ्याचा काठ चारी बाजूंनी एकाच पातळीत असणार, दुसरं काही शक्यच नाही. पण त्या जुन्या काठाची खूण आज पूर्वेला पश्चिमेपेक्षा सुमारे २० फूट खाली सापडते. म्हणजे रोमन लोक भारताशी व्यापार करत होते तेव्हापासून आजवर ही दरी एवढी कलली आहे.

५. बॅडवॉटर ही जगातली सर्वांत सखल जागा आहे ना?

नाही. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीखाली चारशे मीटरहून जास्त आहे. बॅडवॉटर ८६ मीटर, म्हणजे २८२ फूट. उत्तर अमेरिकेत मात्र याहून सखल जमीन नाही. ‘पश्चिम गोलार्धातली सर्वांत सखल जागा’ असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं, तेही चूक आहे. अर्जेंटिनातलं लागुना देल कार्बोन १०५ मीटर खाली आहे.

आणखी एक बारकावा. पाटी लावली आहे ती जागा नेमकी सर्वांत सखल नाही. तो बिंदू काही किलोमीटर आत, मिठाच्या मैदानात आहे, आणि पुरांमुळे व मीठ साचण्यामुळे थोडा इकडेतिकडे होत राहतो. त्याच्यासाठी उन्हात मैदान तुडवायची गरज नाही. त्यापेक्षा वाहनतळावर उभं राहून मागच्या कड्याकडे मान वर करून पाहा. तिथे बऱ्याच उंचीवर ‘समुद्रसपाटी’ अशी छोटी पांढरी पाटी आहे. माझी आई ती पाटी शोधत दोन मिनिटं उभी होती. सापडल्यावर म्हणाली, “म्हणजे आपण एवढ्या पाण्याखाली आहोत होय!” आकड्यापेक्षा तिला ते वाक्य जास्त समजलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

६. मग समुद्राचं पाणी इथे शिरत का नाही?

मध्ये शेकडो किलोमीटर जमीन आणि एकामागून एक डोंगररांगा आहेत, म्हणून. समुद्रसपाटीखाली असलेली जागा समुद्राला जोडलेली असेलच असं नाही.

७. समुद्र नव्हता, तर एवढं मीठ आलं कुठून?

डोंगरांतून आणि नद्यांतून. पाणी खडकांमधले क्षार थोडे थोडे विरघळवून खाली आणतं. बाहेर जायला वाट नसल्यामुळे (प्रश्न २) पाणी इथेच वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. हिमयुगाच्या थंड, ओल्या काळांत इथे सुमारे १८० मीटर खोल सरोवर होतं. त्याला मॅन्ली सरोवर म्हणतात. ते आटलं, पुन्हा भरलं, पुन्हा आटलं. दक्षिणेला शोरलाइन ब्यूट नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर एकावर एक आडव्या रेघा दिसतात, त्या या सरोवराच्या जुन्या काठांच्या.

आजचं मिठाचं मैदान सुमारे ५०० चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या रोजच्या मिठाचाच. मीठ वाळताना त्याला तडे जातात, तड्यांतून खारं पाणी वर येतं, कडा उचलल्या जातात आणि जमिनीवर बहुकोनी चौकटी उमटतात. पाऊस झाला की त्या विरघळतात आणि पुन्हा नव्याने बनतात.

८. तळं परत आलं होतं असं ऐकलं. आम्हाला दिसेल का?

आलं होतं. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी दरीतल्या फर्नेस क्रीक या वस्तीला एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस दिला. इथला वर्षभराचा पाऊस साधारण तेवढाच असतो. रस्ते वाहून गेले, इथलं राष्ट्रीय उद्यान दोन महिने बंद राहिलं आणि बॅडवॉटरला कित्येक किलोमीटर लांबीचं उथळ तळं साचलं. फेब्रुवारी २०२४ च्या पावसाने ते पुन्हा भरलं, आणि काही दिवस लोकांनी तिथे चक्क कयाक चालवल्या. पण इथली हवा वर्षाला जवळपास पावणेचार मीटर पाणी उडवून नेऊ शकते. त्यामुळे तळं पाहुण्यासारखं येतं आणि जातं. त्याच्यावर बेत आखू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर सद्यस्थिती पाहा.

९. पाऊस इतका कमी का?

ढग येतात पॅसिफिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून. डेथ व्हॅलीपर्यंत पोचायला त्यांना किनाऱ्याचे डोंगर, मग चार हजार मीटरहून उंच सिएरा नेवाडा, मग इन्यो आणि आर्गस रांगा, आणि शेवटी पॅनामिंट चढावी लागते. प्रत्येक चढणीला हवा थंड होते आणि ओल टाकते. प्रत्येक उतरणीला ती तापते आणि आणखी कोरडी होते. सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे उतरणाऱ्या वाऱ्यांचं आपण शाळेत शिकलो ते हेच, फक्त इथे घाट एकामागून एक आहेत. दरीत वर्षाला सरासरी ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. पॅनामिंटच्या माथ्यावर त्याच्या कित्येक पट, आणि त्यातला बराचसा बर्फ म्हणून.

१०. ५६.७ अंशांचा विक्रम खरा आहे का? आणि एवढं तापतं तरी का?

जागतिक हवामान संघटनेच्या यादीत तो आजही अधिकृत आहे: १० जुलै १९१३, फर्नेस क्रीक, ५६.७ अंश सेल्सियस. पूर्वी लिबियातल्या अल अझिझियाची १९२२ ची ५८ अंशांची नोंद वर होती, ती २०१२ मध्ये रद्द झाली. १९१३ च्या आकड्यावरही हवामानतज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. आजूबाजूच्या ठाण्यांवरच्या त्या दिवसांच्या नोंदींशी तो जुळत नाही. मला त्या शंका रास्त वाटतात. पण आधुनिक उपकरणांनी २०२० आणि २०२१ मध्ये मोजलेले ५४.४ अंश काही थोडे नाहीत. १९१३ च्याच जानेवारीत इथे शून्याखाली ९ अंशांपर्यंत तापमान उतरलं होतं, हेही लक्षात असू द्या.

तापण्याचं कारण दरीच्या आकारात आहे. हवा कोरडी, झाडं विरळ, त्यामुळे ऊन थेट जमीन भाजतं. तापलेली हवा वर जाते, पण अरुंद दरी आणि उंच भिंती यांमुळे ती निसटून जात नाही. वर थोडी निवते, पुन्हा खाली येते, आणि खाली येताना दाबाने आणखी तापते. पॅनामिंट इतकी उंच नसती तर हा फेरा इतका घट्ट झाला नसता.

११. वाळवंट आहे, मग वाळू कुठे आहे?

हा प्रश्न मराठीतच जास्त येतो, कारण आपल्या शब्दातच वाळू आहे. मुळात वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूची जागा, जसं पंढरपूरचं चंद्रभागेचं वाळवंट. पुढे तोच शब्द आपण कोरड्या प्रदेशाला लावला. कोरडेपणा ठरतो पावसावरून. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात वाळूच्या टेकड्या एक टक्क्याहूनही कमी जमिनीवर आहेत. बाकी सगळा दगड, गोटे, मीठ, चिकणमाती आणि डोंगर. स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या मेस्किट फ्लॅटच्या टेकड्या रस्त्यालगत आहेत, म्हणून फोटोत त्याच जास्त दिसतात. वाऱ्याने आणलेली वाळू जिथे डोंगरांच्या आडोशाला अडकते, तिथेच त्या साचल्या आहेत.

१२. खाली भट्टी आणि वर बर्फ, हे एकाच वेळी कसं?

दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बॅडवॉटर ते टेलिस्कोप पीक उंचीचा फरक जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, ग्रँड कॅन्यनच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट. दरीत ४९ अंश असताना शिखरावर २७ च्या आसपास असतात. दरीत दुपारी हाफ शर्ट घालून फिरावं असा जानेवारी असतो, तेव्हा वर बर्फात कुऱ्हाड रोवत चालावं लागतं.

वनस्पतीही तशाच थरांनी बदलतात. मिठात काही उगवत नाही. त्याच्या कडेला खारं गवत, मग मेस्किट. हे मेस्किट आपल्या वेड्या बाभळीचं जवळचं नातेवाईक. आपल्याकडे ती बाहेरून आली आणि माजली. इथे मात्र ते मूळचं आहे आणि त्याच्या शेंगांवर माणसं जगली आहेत. त्याच्या वर पंखाकृती मैदानांवर क्रिओसोटची झुडपं. दोन हजार मीटरच्या आसपास पिन्यॉन पाइन आणि ज्युनिपरचं जंगल, आणि अगदी माथ्याजवळ हजारो वर्षं जगणारे ब्रिसलकोन पाइन. पॅनामिंटच्या पश्चिम घळींमध्ये एक मोठं पिवळं फूल येतं, पॅनामिंट डेझी. जगात दुसरीकडे ते कुठेच नाही.

वाइल्डरोज घळीत दगडी कोळसाभट्ट्यांची रांग आहे. १८७७ मध्ये बांधलेल्या या दहा भट्ट्या मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या दिसतात. आर्गस रांगेतल्या चांदी-शिशाच्या खाणींना धातू वितळवायला कोळसा हवा होता, आणि त्यासाठी हेच पिन्यॉनचं जंगल तोडलं गेलं. दोन-तीन वर्षांत काम बंद पडलं. आत जाऊन श्वास घेतलात तर धुराचा वास अजून जाणवतो.

१३. इथे पाणी कुठून येतं? मासे आहेत हे खरं का?

खरं आहे. फर्नेस क्रीकचे झरे फार दुरून येतात. नेवाडातल्या डोंगरांत मुरलेलं पाणी चुनखडीच्या थरांमधून, डोंगरांच्या खालून, इथवर पोचतं. पॅनामिंटचं वितळलेलं बर्फ मात्र जवळच मुरतं आणि गाळाच्या पंख्यांच्या पायथ्याशी विहिरींच्या रूपात वर येतं. जुनी बेनेट्स वेल त्यातलीच.

मासे म्हणजे पपफिश, बोटाच्या पेराएवढे. मॅन्ली सरोवराच्या काळात पाणी जोडलेलं होतं. ते आटलं तसे मासे वेगवेगळ्या डबक्यांत अडकले आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे होत गेले. सर्वांत प्रसिद्ध जात डेव्हिल्स होल या खडकातल्या खोल विवरात आहे. ते विवर दरीत नाही. नेवाडात आहे, पण त्याचा कारभार याच उद्यानाकडे. शेजारी भूजल उपसल्यामुळे तिथली पातळी उतरायला लागली, तेव्हा १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माशांसाठी पाणी राखून ठेवायला लावलं.

१४. नकाशात ‘पॅनामिंट व्हॅली’ वेगळी दिसते. ती कोणती?

पॅनामिंट रांगेच्या पलीकडची, पश्चिमेची दरी. लॉस एंजेलिसहून येताना तुम्ही आधी तीच ओलांडता. तिचा तळ समुद्रसपाटीच्या वर आहे, पण घडण तशीच: खचलेला तळ, कोरड्या तळ्याची पांढरी जमीन, उत्तर टोकाला वाळूच्या टेकड्या. हिमयुगात सिएराचं बर्फाचं पाणी ओवेन्स तळ्यातून चायना लेक, तिथून सर्ल्स, तिथून पॅनामिंट आणि अगदी ओल्या काळात मॅन्ली सरोवरापर्यंत, माळेसारखं एकातून दुसऱ्यात सांडत असे. ही माळ मनात ठेवून हायवे १९० वरून आलात तर रस्त्याचा कंटाळा येणार नाही.

टाउन पास ही १,५०० मीटरवरची खिंड ओलांडली की डेथ व्हॅली. खिंडीच्या उत्तरेचा भाग कॉटनवुड माउंटन्स. काही नकाशे तो पॅनामिंटमध्येच धरतात, काही नाही. म्हणून रांगेची लांबी वेगवेगळी छापलेली दिसते.

१५. आपोआप सरकणारे दगड डेथ व्हॅलीत कुठे आहेत?

उद्यानात आहेत, पण दरीत नाहीत. रेसट्रॅक प्लाया (प्लाया म्हणजे कोरड्या तळ्याचा सपाट तळ) कॉटनवुड माउंटन्सच्या पलीकडे, १,१३० मीटर उंचीवरच्या वेगळ्या दरीत आहे. कोडं २०१४ मध्ये सुटलं. थंडीत प्लायावर उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटतो आणि हलक्या वाऱ्यानेसुद्धा त्याचे तुकडे दगडांना ढकलत नेतात. वाट अणकुचीदार दगडांची आहे. साध्या गाडीने आणि साध्या टायरांवर जाऊ नका.

१६. ‘मृत्यूची दरी’ हे नाव कुणी दिलं?

१८४९ च्या अखेरीस सोन्यासाठी निघालेल्या काही कुटुंबांनी जवळची वाट म्हणून हा रस्ता धरला आणि ती पॅनामिंटच्या भिंतीपाशी अडकली. विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण पायी डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरवरून मदत घेऊन परत आले. त्या प्रवासात दरीत एकच माणूस दगावल्याचं सांगतात, पण निघताना दिलेलं नाव चिकटलं. पॅनामिंटमधल्या रॉजर्स आणि बेनेट शिखरांची नावं याच माणसांची; बेनेट हे अडकलेल्यांपैकी एक कुटुंब.

मला हे नाव अपुरं वाटतं. टिम्बिशा शोशोनी लोक या दरीत त्याआधीपासून राहत आले आहेत आणि आजही फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आहे. टिम्बिशा हे नाव इथल्या लाल गेरूवरून आलं. हिवाळ्यात ते दरीत असत आणि उन्हाळा चढला की पॅनामिंटवर जात. शरदात तिथे पिन्यॉनच्या बिया गोळा करत, आपल्या चिलगोज्यांसारख्या. ज्यांना डोंगर आणि दरी दोन्ही ठाऊक होती, त्यांच्यासाठी ही नांदती जागा होती. १९३३ मध्ये इथे राष्ट्रीय स्मारक झालं, १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि टिम्बिशांना त्यांच्या भूमीचा हक्क देणारा कायदा व्हायला २००० साल उजाडलं.

१७. टेलिस्कोप पीक चढता येतं का?

हो, दोर-बीर लागत नाही. वाट महोगनी फ्लॅटपासून सुरू होते, सुमारे २,५०० मीटरवरून. जाऊन-येऊन २२-२३ किलोमीटर आणि चढ साधारण ९०० मीटर. जून आणि ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबर ते मे बर्फ असू शकतो, आणि तेव्हा क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे टोकदार खिळे) व बर्फकुऱ्हाड वापरायची सवय नसेल तर जाऊ नये. भट्ट्यांच्या पुढचा रस्ता खडबडीत आहे, उंच गाडी हवी. वाटेत पाणी नाही. माथ्यावरून एका बाजूला बॅडवॉटर आणि दुसऱ्या बाजूला माउंट व्हिटनी दिसतं: अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेतली सर्वांत सखल आणि सर्वांत उंच जागा.

१८. आईबाबा सोबत आहेत, हातात एकच दिवस आहे. डोंगर-दरी एकत्र कुठून दिसेल?

पहाटे झॅब्रिस्की पॉइंट. सूर्य तुमच्या पाठीमागून येतो, पण दरीच्या आधी ऊन पॅनामिंटच्या माथ्यावर पडतं आणि हळूहळू खाली उतरतं. मग बॅडवॉटर. दुपारी गाडीने दांतेज व्ह्यू, १,६६९ मीटर. चालायला जवळजवळ नाही, आणि प्रश्न ४ मधले पंखे इथून नीट मोजता येतात. वारा झोंबतो, स्वेटर गाडीत ठेवा. डिसेंबरात सूर्य पॅनामिंटमागे लवकर जातो. घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी दरीत सावली येते, तेव्हा फोटोचा हिशेब त्याप्रमाणे करा.

१९. उन्हाळ्याच्या सुटीतच जमतंय. यावं का?

गाडीतून फिरायला या, चालायला नको. सकाळी दहानंतर दरीत पायी फिरू नका. माणशी रोज किमान चार लिटर पाणी, आणि त्यावर गाडीत जादा. बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि फोनने ‘जवळचा रस्ता’ म्हणून कच्च्या वाटेला वळायला सांगितलं तरी वळू नका. गाडी बंद पडलीच तर तिच्यापाशीच थांबा, मदतीला येणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.